आर्थिक विषमता मोजायची कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विषमता वाढतेय की घटतेय या वादात दोन्ही बाजू एकमेकांवर आकडे फेकतात, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा दोघांचेही आकडे खरे असतात. दोघं मोजत असतात वेगवेगळ्या गोष्टी. त्यामुळे इथली बरीचशी उत्तरं ‘आकडा किती’ यापेक्षा ‘आकडा कशाचा आणि आला कुठून’ याभोवती फिरतात.

विषमता म्हणजे नेमकी कशातली?

मुख्यतः तीन गोष्टींमधली: उत्पन्न, संपत्ती आणि खर्च. उत्पन्न म्हणजे वर्षभरात हाती आलेले पैसे: पगार, नफा, व्याज, भाडं, पेन्शन. संपत्ती म्हणजे एखाद्या तारखेला तुमच्या नावावर काय आहे ते, म्हणजे घर, जमीन, ठेवी, शेअर, आणि त्यातून वजा कर्ज. खर्च म्हणजे घराने प्रत्यक्षात काय वापरलं.

या तिघांत खर्चातली विषमता सहसा सगळ्यात कमी दिसते, उत्पन्नातली त्याहून जास्त आणि संपत्तीतली सगळ्यात जास्त. कारण उघड आहे. गरीब घर वाईट महिन्यात उसनवारी करून का होईना, पण चूल पेटती ठेवतं. श्रीमंत घर मिळालेल्या पैशातला मोठा हिस्सा खर्चच करत नाही, बाजूला टाकतं. ते बाजूला टाकलेलं वर्षानुवर्षं साचतं, पुढच्या पिढीकडे जातं, आणि संपत्तीचा आकडा फुगतो.

जागतिक विषमता अहवाल 2022 मधले 2021 चे अंदाज बघा. जगातल्या वरच्या 10 टक्के लोकांकडे एकूण उत्पन्नाचा 52 टक्के वाटा जातो, खालच्या अर्ध्या जगाकडे 8.5 टक्के. संपत्तीत हेच प्रमाण 76 टक्के आणि 2 टक्के होतं. स्वीडनसारखा देश उत्पन्नाच्या यादीत समतेच्या टोकाला दिसतो, पण संपत्तीच्या यादीत तिथली विषमता चांगलीच मोठी निघते. तेव्हा ‘स्वीडनमध्ये समता आहे का’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही.

एकाच देशाचे दोन आकडे इतके वेगळे कसे निघतात?

सगळ्यात बोलकं उदाहरण भारताचं. 2025 मध्ये जागतिक बँकेच्या एका टिपणातला 25.5 हा आकडा खूप गाजला. 2011-12 मध्ये 28.8 असलेला गिनी निर्देशांक (विषमतेचं 0 ते 100 मधलं माप, आकडा मोठा तितकी विषमता जास्त; खुलासा पुढच्या प्रश्नात) 2022-23 मध्ये 25.5 वर आला, म्हणजे भारत जगातल्या सर्वाधिक समता असलेल्या देशांत जाऊन बसला, असा त्याचा अर्थ लावला गेला. त्याच टिपणात दुसरंही एक वाक्य होतं: जागतिक विषमता डेटाबेसनुसार (देशोदेशींच्या उत्पन्न-संपत्तीच्या अंदाजांचा संग्रह) भारतातला उत्पन्नाचा गिनी 2004 मध्ये 52 होता, तो 2023 मध्ये 62 झाला.

25.5 हा घरगुती खर्चाच्या पाहणीतून आलेला आकडा. 62 हा पाहण्या, प्राप्तिकराची आकडेवारी आणि राष्ट्रीय उत्पन्नाचे हिशेब एकत्र करून काढलेला उत्पन्नाचा अंदाज, आणि त्यात गृहीतकं बरीच आहेत. दोन्हीत खोटं काही नाही. गडबड तुलनेत झाली: भारताचा खर्चाचा आकडा ज्या देशांच्या आकड्यांशेजारी ठेवला गेला, त्यांतल्या अनेकांचे आकडे उत्पन्नाचे होते. युरोप-अमेरिकेत पाहण्या उत्पन्न विचारतात, दक्षिण आशिया आणि आफ्रिकेत प्रामुख्याने खर्च विचारतात. क्रमवारी लावणाऱ्या तक्त्यात ही गोष्ट तळटीपेत असते आणि तळटीप कुणी वाचत नाही.

शिवाय 2011-12 आणि 2022-23 या दोन पाहण्यांची पद्धतही तंतोतंत एक नव्हती. त्यामुळे ‘घट झाली’ हे म्हणतानाही हात थोडा आखडता घेतलेला बरा.

गिनी गुणांक म्हणजे काय, गणिताशिवाय सांगता येईल?

बऱ्यापैकी. सगळ्या लोकांना गरिबाकडून श्रीमंताकडे असं रांगेत उभं करा. मग रांगेत पुढे जात जात विचारा: पहिल्या 10 टक्के लोकांकडे मिळून एकूण उत्पन्नाचा किती हिस्सा? पहिल्या 20 टक्क्यांकडे? पहिल्या 50 टक्क्यांकडे? ही उत्तरं आलेखावर मांडली की एक रेषा मिळते. सगळ्यांचं उत्पन्न समान असेल तर ती सरळ तिरकी रेषा असते. विषमता जितकी जास्त, तितकी ती खाली झोळ खाते. मॅक्स लॉरेन्झ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1905 मध्ये हा वक्र मांडला. इटलीच्या कोर्राडो गिनी यांनी 1912 मध्ये विषमतेचं एका आकड्यात बसणारं माप दिलं. सरळ रेषा आणि वक्र यांच्यातली जागा, भागिले सरळ रेषेखालचा पूर्ण त्रिकोण, हाच गिनी. 0 म्हणजे पूर्ण समता, 1 म्हणजे सगळं एकाच्याच खिशात. काही जण तोच 0 ते 100 मध्ये सांगतात.

माझ्या मते त्याहून समजायला सोपा अर्थ असा. लोकसंख्येतून कुठलीही दोन माणसं चिठ्ठ्या टाकून निवडा. त्यांच्या उत्पन्नात सरासरी जितका फरक पडतो, तो सरासरी उत्पन्नाला गिनीच्या दुपटीने गुणलं की येतो तेवढा असतो. गिनी 0.4 असेल तर दोन अनोळखी माणसांतला फरक सरासरी उत्पन्नाच्या 80 टक्के.

मग एवढ्यावर भागत का नाही?

कारण वेगवेगळ्या आकाराच्या समाजांचा गिनी सारखाच येऊ शकतो. एक समाज असा धरा की अर्ध्या लोकांकडे काहीच नाही आणि उरलेल्या अर्ध्यांकडे सगळं, समान वाटलेलं. दुसऱ्या समाजात एकाच माणसाकडे निम्मं उत्पन्न आणि बाकी सगळ्यांत उरलेलं निम्मं, समान वाटलेलं. दोन्हीकडे गिनी 0.5 येतो. पहिल्या ठिकाणी अर्धी जनता उपाशी आहे, दुसऱ्या ठिकाणी एक राजा आहे. दोन्हीकडचं राजकारण, दोन्हीकडचे उपाय वेगळे.

गिनीवर मधल्या गर्दीतल्या बदलांचा परिणाम जास्त होतो, टोकांवर घडणाऱ्या गोष्टी त्यात दबतात. म्हणून शेजारी आणखी मापं ठेवतात. वरच्या 1 टक्क्याचा वाटा हे सगळ्यात लोकप्रिय. चिलीचे अर्थशास्त्रज्ञ गाब्रिएल पाल्मा यांच्या निरीक्षणानुसार बहुतेक देशांत मधल्या 50 टक्के लोकांना एकूण उत्पन्नाचा साधारण निम्मा वाटा मिळतो. खरी ओढाताण वरचे 10 टक्के आणि खालचे 40 टक्के यांच्यात असते. त्या दोन वाट्यांचं गुणोत्तर म्हणजे पाल्मा गुणोत्तर.

अँथनी अ‍ॅटकिन्सन यांनी 1970 मध्ये एक जास्त प्रामाणिक गोष्ट केली. कुठलंही माप वापरलं तरी त्यात मूल्यनिर्णय लपलेला असतो, तर तो उघडच लिहा, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या निर्देशांकात आधी सांगावं लागतं की खालच्या थरातल्या माणसाच्या हलाखीला तुम्ही किती वजन देता. वजन बदललं की देशांचा क्रमही बदलू शकतो. हे माप वर्तमानपत्रांत फारसं दिसत नाही, याचं मला नवल वाटत नाही.

सगळ्यांचं उत्पन्न दुप्पट झालं तर विषमता वाढली का?

गिनीच्या मते नाही. एकाचं 10 आणि दुसऱ्याचं 100 होतं, ते 20 आणि 200 झालं. गुणोत्तर तेच, गिनी तोच. पण दरी 90 ची 180 झाली. पहिली सापेक्ष विषमता, दुसरी निरपेक्ष. अर्थशास्त्रज्ञ सवयीने पहिली मोजतात, रस्त्यावरचा माणूस बहुधा दुसरी अनुभवतो, आणि दोघं एकमेकांना खोटं ठरवत बसतात.

सरासरी उत्पन्न पाहिलं तर चालणार नाही का?

नाही. नऊ जणांचं उत्पन्न 20,000 आणि दहाव्याचं 10 लाख असेल तर सरासरी 1,18,000 येते. त्या दहांत एवढं कमावणारा एकही नाही. मध्यक, म्हणजे रांगेत बरोबर मध्ये उभ्या असलेल्या माणसाचं उत्पन्न, 20,000 च राहतं. सरासरी आणि मध्यक यांच्यातलं अंतर वाढत चाललंय का, हे बघणं ही विषमतेची सगळ्यात स्वस्त चाचणी.

गरिबी कमी झाली म्हणजे विषमताही कमी होते ना?

तसं काही बंधन नाही. चीन बघा. 1980 नंतरच्या तीन दशकांत तिथे कोट्यवधी लोक गरिबीतून वर आले आणि त्याच काळात विषमता झपाट्याने वाढली. तिथल्या सरकारी आकडेवारीप्रमाणे गिनी 2008 च्या सुमारास 0.49 पर्यंत गेला होता. खालचे वर सरकले, पण वरचे त्याहून वेगाने सरकले.

हे आकडे गोळा कोण करतं?

मुख्य स्रोत म्हणजे नमुना पाहणी. प्रशिक्षित माणूस दारात येतो, तासभर किंवा जास्त वेळ प्रश्न विचारतो, काही हजार किंवा लाखभर घरांची उत्तरं घेऊन देशाचा अंदाज बांधला जातो. गरिबी, मजुरी, शिक्षण, आरोग्य हे सगळं एकत्र समजायला याला पर्याय नाही. मात्र यात तीन दुखणी कायमची आहेत.

पहिलं, श्रीमंत सापडत नाहीत. अतिश्रीमंत इतके थोडे असतात की नमुन्यात येण्याची शक्यताच कमी, आणि आले तरी फाटकाच्या आत कोण घेतो? जे उत्तर देतात ते भांडवली उत्पन्न (व्याज, लाभांश, भाडं) हातचं राखून सांगतात. काही देशांत तर गोपनीयतेसाठी फार मोठे आकडे मुद्दाम एका मर्यादेवर छाटून मग फाइल प्रसिद्ध करतात.

दुसरं, आठवण. ‘गेल्या 30 दिवसांत किती खर्च केला’ आणि ‘गेल्या 7 दिवसांत किती केला’ यांची उत्तरं जुळत नाहीत. भारताच्या 1999-2000 च्या पाहणीत अन्नासाठी दोन्ही कालावधी एकाच घराला विचारले गेले. एका उत्तराची सावली दुसऱ्यावर पडली आणि गरिबी नक्की किती घटली यावर पुढे कित्येक वर्षं वाद झडला. वरवर किरकोळ वाटणारा प्रश्नावलीतला बदल, आणि कोट्यवधी लोक दारिद्र्यरेषेच्या अलीकडे की पलीकडे हे त्यावर ठरायला लागलं.

तिसरं, राष्ट्रीय हिशेबांशी न जुळणं. पाहणीतल्या खर्चाची बेरीज आणि देशाच्या हिशेबातला एकूण घरगुती खर्च यांत तफावत असते. ती रक्कम कुणाच्या नावावर टाकायची, यावर विषमतेचा आकडा बराच अवलंबून असतो.

कराची आकडेवारी जास्त विश्वासार्ह नाही का?

वरच्या थरासाठी, हो. 1953 मध्ये सायमन कुझनेट्स यांनी अमेरिकेतली 1913 पासूनची प्राप्तिकराची आकडेवारी वापरून वरच्या थराचा वाटा काढला. पुढे थॉमस पिकेटी यांनी फ्रान्ससाठी आणि नंतर इमॅन्युएल साएझ यांच्यासोबत अमेरिकेसाठी तेच तंत्र शंभर वर्षांच्या पल्ल्यावर चालवलं. पाहण्या इतक्या मागे जातच नाहीत.

पण कराच्या नोंदी कर गोळा करण्यासाठी असतात, संशोधनासाठी नाही. कायदा बदलला की आकडा उडी मारतो. अमेरिकेत 1986 च्या कर सुधारणेनंतर अनेक धंद्यांनी आपलं कायदेशीर रूप बदललं, कारण वैयक्तिक कराचा दर कंपनीकरापेक्षा खाली आला. पूर्वी कंपनीच्या विवरणपत्रात राहणारा नफा मालकांच्या विवरणपत्रांत दिसू लागला. आलेखात वरच्या 1 टक्क्याचा वाटा एकदम वाढलेला दिसतो, त्यातला काही भाग नुसता कागदोपत्री आहे.

कर चुकवणारे तर नोंदीत येतच नाहीत. आनेट आल्स्टाडसेटर, नील्स योहानेसन आणि गाब्रिएल झुकमन यांनी स्विस बँकेतून फुटलेल्या याद्या आणि पनामा पेपर्स (परदेशी कंपन्यांची फुटलेली कागदपत्रं) नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्कच्या संपत्तीच्या नोंदींशी जुळवून पाहिले. सर्वांत श्रीमंत 0.01 टक्के कुटुंबं देय कराच्या साधारण 25 टक्के कर चुकवत होती, तर एकूण लोकसंख्येची सरासरी 3 टक्क्यांच्या आसपास होती. तेही अशा देशांत, जिथली करव्यवस्था जगात कडक समजली जाते.

तज्ज्ञांतच एकमत नाही, मग विश्वास कुणावर ठेवायचा?

हा प्रश्न बहुधा अमेरिकेवरून येतो. पिकेटी, साएझ आणि झुकमन म्हणतात की वरच्या 1 टक्क्याचा करपूर्व वाटा 1980 च्या सुमारास 10 टक्क्यांजवळ होता, तो 20 टक्क्यांजवळ गेला. जेरल्ड ऑटन आणि डेव्हिड स्प्लिंटर म्हणतात की कर आणि सरकारी लाभ धरून 1960 च्या दशकापासून तो फारसा वाढलाच नाही. दोघांच्या हाती जवळपास तीच विवरणपत्रं.

भांडण आहे ते विवरणपत्रात नसलेल्या पैशाचं. अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा मोठा हिस्सा विवरणपत्रांत दिसतच नाही: न दाखवलेला व्यवसायाचा नफा, नोकरीतला आरोग्यविमा, सरकारी खर्चाचा लाभ. न दाखवलेलं उत्पन्न श्रीमंतांचं समजायचं की छोट्या व्यावसायिकांचं? शाळा आणि सैन्यावरचा खर्च सगळ्यांत समान वाटायचा की उत्पन्नाच्या प्रमाणात? प्रत्येक उत्तरासरशी रेषा वर-खाली होते. विश्वास ठेवण्याचा प्रश्न मला इथे दुय्यम वाटतो. दोघांनीही गृहीतकं उघड मांडली आहेत, त्यामुळे मतभेद नेमका कुठल्या ओळीत आहे हे बोट ठेवून दाखवता येतं.

संपत्ती मोजणं इतकं अवघड का?

पगार दरमहा कुठेतरी नोंदला जातो. घराची किंमत मात्र ते विकल्याशिवाय खऱ्या अर्थाने कळत नाही, आणि शेअर बाजारात न उतरलेल्या कंपनीचं मूल्य तर अंदाजपंचेच. त्यात भर म्हणजे परदेशात दडवलेला पैसा. झुकमन यांच्या अंदाजाप्रमाणे जगातल्या घरगुती वित्तीय संपत्तीपैकी साधारण 8 टक्के करबुडव्यांच्या आश्रयस्थानी आहे.

नोंद ठेवायला कारण लागतं, आणि ते कारण बहुधा करच असतो. स्वीडनने 2007 मध्ये संपत्ती कर रद्द केला आणि त्याबरोबर संपत्तीची सविस्तर नोंदवहीही बंद पडली. भारतात मृत्यूनंतरचं मालमत्ता शुल्क 1985 मध्ये गेलं, संपत्ती कर 2015 च्या अर्थसंकल्पात गेला. हे कर असावेत की नसावेत हा वेगळा वाद. पण ते गेल्यावर वरच्या थराकडे बघायची खिडकी बंद होते, एवढं नक्की.

अमेरिकेची मध्यवर्ती बँक दर तीन वर्षांनी संपत्तीची पाहणी करते. तिथे कराच्या नोंदी वापरून श्रीमंत घरं मुद्दाम जास्त निवडतात. तरीही फोर्ब्सच्या यादीतल्या 400 जणांना त्यातून वगळलेलं असतं, त्यांची भर संशोधक नंतर घालतात.

‘आठ माणसांकडे अर्ध्या जगाइतकी संपत्ती’ हे खरं आहे का?

ऑक्सफॅम या गरिबीविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेने जानेवारी 2017 मध्ये हे सांगितलं होतं. हिशेब निव्वळ संपत्तीचा होता, म्हणजे मालमत्ता वजा कर्ज. या हिशेबात शिक्षणासाठी मोठं कर्ज काढलेला श्रीमंत देशातला नवा डॉक्टर जगातल्या सर्वांत गरिबांत मोजला जातो, आणि एखादी गाय व तुटपुंजी जमीन असलेला शेतकरी त्याच्या वर येतो. त्यामुळे वाक्य धक्कादायक होण्यात गणिताचाही हात आहे. खालच्या अर्ध्या जगाकडे जवळजवळ काहीच नाही, हा त्यातला गाभा मात्र इतर पद्धतींनी मोजलं तरी टिकतो.

व्यक्ती मोजायची की कुटुंब?

पाहण्या कुटुंब मोजतात. चार जणांच्या घराला एकट्या माणसाच्या चौपट पैसा लागत नाही, म्हणून उत्पन्नाला घरातल्या माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागण्याची पद्धत रुळली आहे. 100 उत्पन्नाचं चौघांचं घर म्हणजे प्रत्येकी 50. भारतासारख्या ठिकाणी सरळ माणशी भागाकार करतात. पुन्हा एकदा, तुलना करताना सावध.

खरा प्रश्न त्यापुढचा आहे. घरात आलेले पैसे घरात समान वाटले जातात, असं सगळी मापं धरून चालतात. कुणी आधी जेवतं, कुणाच्या औषधाला पैसे निघतात, जमीन कुणाच्या नावावर आहे, हे एका घरासाठीच्या एका आकड्यात येत नाही. फिलिपिन्समधल्या घरांत प्रत्येकाच्या पोटात किती उष्मांक जातात याची आकडेवारी घेऊन लॉरेन्स हद्दाद आणि रवी कानबूर यांनी 1990 मध्ये दाखवलं, की घराच्या आत न डोकावल्यामुळे विषमता बरीच कमी दिसते. स्त्री-पुरुष विषमतेचा मोठा भाग आपल्या नेहमीच्या गिनीत नाही, हे त्यामुळे लक्षात ठेवावं लागतं.

करापूर्वीचं उत्पन्न घ्यायचं की नंतरचं?

दोन्ही, पण वेगवेगळं. आयर्लंडमध्ये बाजारातून मिळणाऱ्या उत्पन्नाची विषमता श्रीमंत देशांत वरच्या क्रमांकांवर आहे. कर आणि सरकारी मदत धरली की तो देश मधल्या घोळक्यात येतो. पहिला आकडा बाजाराबद्दल सांगतो, दुसरा सरकारबद्दल.

साऱ्या जगाची विषमता एकत्र मोजता येते?

येते, पण त्यासाठी आधी चलनांची अडचण सोडवावी लागते. एका डॉलरच्या बदल्यात मिळणाऱ्या स्थानिक पैशात गरीब देशात जास्त वस्तू येतात, म्हणून बाजारातला विनिमय दर न वापरता क्रयशक्ती समता वापरतात. त्यासाठी जगभर किमती गोळा होतात. सध्याची फेरी 2021 च्या किमतींची आहे. फेरी बदलली की जुने निष्कर्षही हलतात.

क्रिस्टोफ लाकनर आणि ब्रँको मिलानोविच यांनी 1988 ते 2008 या वीस वर्षांत जगाच्या रांगेतल्या प्रत्येक शतमकाचं (रांगेच्या शंभर समान भागांपैकी एकाचं) उत्पन्न किती वाढलं ते मांडलं. आलेख हत्तीसारखा दिसला. मध्यावर, जिथे चीनमधले लोक मोठ्या संख्येने होते, भरघोस वाढ. ऐंशीव्या शतमकाच्या आसपास, जिथे श्रीमंत देशांतला कामगारवर्ग होता, जवळजवळ काहीच नाही. आणि अगदी वर सोंड उंचावलेली. ‘जागतिकीकरणाने पाश्चात्त्य मध्यमवर्ग बुडाला’ या म्हणण्याला हा आलेख पुरावा म्हणून फिरला. नंतर इतरांनी बारकाईने पाहिल्यावर दिसलं, की त्या खोलगट भागाला सोव्हिएत संघाची पडझड आणि जपानची मंदी हीसुद्धा मोठी कारणं होती. आलेख बरोबर होता, त्यावर टांगलेली गोष्ट जरा जास्तच ताणलेली होती.

एक गोष्ट बऱ्यापैकी पक्की आहे: 1980 मध्ये जागतिक विषमतेचा निम्म्याहून जास्त भाग देशादेशांतल्या फरकाचा होता. 2020 पर्यंत चित्र उलटलं, साधारण दोन-तृतीयांश भाग देशांच्या आतला झाला.

दरवर्षी वरचे 10 टक्के म्हणजे तेच लोक असतात का?

नेहमीच्या पाहणीवरून हे कळतच नाही, कारण दर वेळी माणसं वेगळी निवडली जातात. त्याच कुटुंबांचा वर्षानुवर्षं माग काढणाऱ्या पाहण्या लागतात. अमेरिकेतली अशी एक 1968 पासून चालू आहे. पिढ्यांचा प्रश्न असेल तर आई-वडील आणि मुलं यांच्या नोंदी जोडाव्या लागतात. राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी तसं करून दाखवलं, की अमेरिकेत 1940 मध्ये जन्मलेल्यांपैकी सुमारे 90 टक्के जण आई-वडिलांपेक्षा जास्त कमावू लागले. 1980 च्या दशकात जन्मलेल्यांत हे प्रमाण 50 टक्क्यांवर आलं.

उपग्रह आणि मोबाइलच्या डेटाने हे सगळं सोपं होईल का?

काही अंशी. रात्रीच्या दिव्यांवरून भागाभागांतली तफावत दिसते. टोगोने 2020 मध्ये कोविडच्या काळात उपग्रहचित्रं आणि मोबाइलच्या वापरावरून गरीब लोक ओळखून थेट मदत पाठवली, कारण ताजी जनगणना हाताशी नव्हती. पण ही यंत्रं शिकतात ती पाहणीच्याच उत्तरांवरून. आणि ज्याच्याकडे फोनच नाही, तो इथेही अदृश्य.

विषमता का वाढते, हे आकडे सांगतात का?

एकटे नाही. कुझनेट्स यांनी 1955 मध्ये कल्पना मांडली की देश औद्योगिक होताना विषमता आधी वाढते, मग उतरते. आपल्या लेखात पाच टक्के माहिती आणि पंचाण्णव टक्के तर्क आहे, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं. पुढे अनेकांनी तो वक्र निसर्गनियमासारखा शिकवला. 1980 नंतर अनेक श्रीमंत देशांत विषमता पुन्हा वर गेली, तेव्हा त्याची पकड सुटली. तंत्रज्ञान, व्यापार, कामगार संघटनांची ताकद, कराचे दर, घरांच्या किमती हे सगळं एकाच वेळी बदलत असतं, आणि प्रयोगशाळेसारखं एकेक बटण दाबून पाहता येत नाही. म्हणून संशोधक सारख्या परिस्थितीतल्या दोन प्रदेशांत एकीकडेच कायदा बदलला, अशा संधी शोधतात. उत्तर मिळतं, पण तुकड्यातुकड्याने.

मला स्वतः आकडे बघायचे आहेत. सुरुवात कुठून?

वरच्या थराचा वाटा आणि लांब पल्ल्याचा इतिहास हवा असेल तर जागतिक विषमता डेटाबेस. पाहण्यांवर आधारलेला गिनी आणि गरिबी हवी असेल तर जागतिक बँकेचा गरिबी व विषमता मंच. 1983 पासून चालू असलेला लक्झेंबर्ग इन्कम स्टडी अनेक देशांच्या पाहण्या एका साच्यात आणून ठेवतो, तुलनेसाठी तो सगळ्यात नीटनेटका, पण वापरायला नोंदणी आणि थोडं प्रोग्रॅमिंग लागतं. कुठलीही फाइल उघडली की आधी तो रकाना शोधा जिथे उत्पन्न की खर्च, व्यक्ती की कुटुंब, करापूर्वी की नंतर हे लिहिलेलं असतं. एकाच देशाच्या रांगेत मध्येच तो रकाना बदलला असेल, तर त्या दोन वर्षांमधून रेषा ओढू नका.